संशयाच्या यादीबाहेर

दिवसभराच्या श्वासोच्छ्वासाबरोबर बुरशीचे शेकडो अदृश्य बीजाणू आपल्या फुप्फुसांत उतरत असतात. ते ओल्या भिंतींवरून येतात, कुजणाऱ्या पालापाचोळ्यावरून येतात, धान्याच्या कोठारांतून आणि नांगरलेल्या शेतांच्या धुळीतून येतात. आणि तरीही पृथ्वीवरील बहुसंख्य माणसे बुरशीच्या आक्रमणाने दगावत नाहीत, याचे श्रेय शरीराच्या दुहेरी बंदोबस्ताला द्यावे लागते. त्यातला पहिला बंदोबस्त उष्णतेचा. बुरशीच्या ज्ञात जाती लाखाच्या वर असल्या, तरी 37 अंश सेल्सिअसच्या अखंड उबेत जोमाने वाढू शकतील अशा जाती अगदी मोजक्या आहेत. दुसरा बंदोबस्त पेशींचा. फुप्फुसाच्या वायुकोशांत ठाण मांडून बसलेल्या भक्षकपेशी आत आलेला बीजाणू गिळून टाकतात, आणि त्यांच्या तावडीतून निसटून एखाद्या बीजाणूला अंकुर फुटलाच, तर रक्तातून धावून आलेल्या न्यूट्रोफिल पेशी त्या कोवळ्या तंतूचा तेथल्या तेथे निकाल लावतात.

या व्यवस्थेवरूनच वैद्यकाने एक सिद्धांत बांधला, की प्रतिकारशक्ती खालावल्यावाचून बुरशी देहाच्या अंतर्भागात शिरकाव करीत नाही. रक्ताच्या कर्करोगावरील उपचारांनी ज्यांच्या श्वेतपेशी नाहीशा झाल्या आहेत, ज्यांच्या देहात दुसऱ्याचे मूत्रपिंड बसविले आहे, ज्यांना एचआयव्हीची बाधा आहे, ज्यांचा मधुमेह आटोक्यात नाही किंवा ज्यांना दीर्घकाळ स्टेरॉइडे द्यावी लागली आहेत, अशांच्याच बाबतीत बुरशीचा संशय घ्यावा, ही शिकवण गेल्या अर्धशतकात वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मनावर ठसत गेली. 2021 साली करोनाच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिसने महाराष्ट्रात जो हाहाकार उडविला, त्यानंतर तर ती सामान्य जनांच्याही मनात पक्की झाली. कारण त्या वेळी नाक, डोळा आणि जबडा गमावून बसलेल्या रुग्णांमध्ये मधुमेह आणि स्टेरॉइडे ही जोडी वारंवार दिसत होती. सिद्धांत बहुतांशी खरा आहे. परंतु जे बहुतांशी खरे असते त्याची फिरून रुजुवात करण्याची गरज कोणास वाटत नाही, आणि म्हणून अंथरुणावर पडलेला माणूस कालपर्यंत धडधाकट होता एवढ्याच सबबीवर बुरशीचे नाव संशयाच्या यादीतून वगळले जाते. प्रस्तुत प्रकरण अशा रुग्णांविषयी आहे. त्यांची संख्या थोडी असली, तरी त्यांच्यापैकी पुष्कळांचे निदान व्हावे त्यापेक्षा महिनोगणती उशिरा होते, आणि हा विलंब साधनांच्या अभावापेक्षा प्रश्न न विचारल्यामुळे अधिक होतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

सप्टेंबर 2012 मध्ये अमेरिकेतील टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिल शहरी पन्नाशीतला एक गृहस्थ मेंदूच्या आवरणाच्या दाहाने आजारी होता. त्याला कर्करोग नव्हता, एचआयव्ही नव्हता, प्रतिकारशक्ती खालावल्याची कोणतीही खूण नव्हती. पाठीच्या कण्यातील पाणी काढून पाहिले, तेव्हा त्यात न्यूट्रोफिल पेशींची दाटी, साखर कमी आणि प्रथिने वाढलेली, असे जिवाणूंच्या संसर्गाचे नेहमीचे चित्र दिसले. आणि त्याला अनुसरून दिलेल्या प्रतिजैविकांनी काहीसा आराम पडल्यावर तो घरी गेला. पण दुखणे हटले नव्हते. तो परत आला, पाठीचे पाणी पुन्हा काढले गेले, आणि या खेपेस त्या पाण्यातून कल्चरमध्ये जे उगवले ते जिवाणू नव्हते; ती ॲस्परजिलस फ्युमिगेटस नावाची बुरशी होती. व्हँडरबिल्ट विद्यापीठातील संसर्गरोगतज्ज्ञ डॉ. एप्रिल पेटिट यांनी या निकालाकडे प्रयोगशाळेतील भेसळ म्हणून काणाडोळा केला असता, तर त्यात कोणाला वावगे वाटले नसते, कारण ॲस्परजिलस हवेतून कोठेही पडू शकते. त्यांनी उलट दिशेने विचार केला. निरोगी माणसाच्या मेंदूच्या आवरणापर्यंत बुरशी पोहोचली असेल, तर ती कोणत्या तरी वाटेने पोहोचली असली पाहिजे. ती वाट कोणती? चौकशीअंती कळले, की पाठदुखीसाठी काही आठवड्यांपूर्वी या गृहस्थाच्या मणक्याच्या पोकळीत स्टेरॉइडचे इंजेक्शन देण्यात आले होते. 18 सप्टेंबर रोजी त्यांनी ही हकीकत राज्याच्या आरोग्यखात्यास कळविली.

पुढे जे उघडकीस आले त्याने अमेरिका हादरली. मॅसॅच्युसेट्स राज्यातील एका औषधनिर्मिती केंद्रात तयार झालेल्या मेथिलप्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या कुप्यांत बुरशी वाढलेली होती, आणि त्या औषधाची इंजेक्शने सुमारे चौदा हजार माणसांना देऊन झालेली होती. अंतिम हिशेबात वीस राज्यांत 753 रुग्णांची नोंद झाली आणि त्यांपैकी 64 जण मृत्यू पावले. पहिल्या रुग्णात सापडलेली ॲस्परजिलस इतरांच्या बाबतीत कारणीभूत नव्हती. बहुतेकांत आढळली ती गवतावर वाढणारी एक्सेरोहायलम रॉस्ट्रेटम ही काळपट बुरशी, जिच्याविषयी मेंदूच्या विकारांच्या ग्रंथांत तोवर जवळजवळ काहीच लिहिलेले नव्हते. या रोगाचा पुरावा मिळविणेही कठीण गेले. पाठीच्या पाण्यात पेशी वाढलेल्या, रुग्ण उघड आजारी, आणि कल्चर मात्र रिकामे, असे पुष्कळांच्या बाबतीत झाले. जनुकीय तपासणीने त्यांतील कित्येकांमध्ये बुरशीचा दाखला मिळाला. ज्यांची काहीच नवी तक्रार नव्हती अशा इंजेक्शन घेतलेल्या माणसांच्या मणक्यांची एमआरआय चित्रे घेतली, तेव्हा त्यांतही काहींच्या ठिकाणी संसर्ग मूकपणे पसरत असल्याचे निष्पन्न झाले. एका वैद्याने एका कल्चरच्या निकालावर विश्वास ठेवून योग्य प्रश्न विचारला, म्हणून ही साखळी उलगडली आणि उरलेल्या कुप्या वेळेवर परत मागविता आल्या.

निरोगी माणसाच्या बाबतीत विचारावयाचा पहिला प्रश्न हाच: बुरशी आत शिरली कोणत्या वाटेने? त्वचा आणि फुप्फुस ओलांडून जेव्हा सुई, चाकू किंवा अपघात बीजाणूंना थेट खोलवर नेऊन सोडतो, तेव्हा सुदृढ प्रतिकारशक्तीचाही नाइलाज होतो. 2005 साली कोलंबो येथे प्रसूतीच्या वेळी मणक्यात भूल दिलेल्या स्त्रियांमध्ये ॲस्परजिलसने मेंदूच्या आवरणाचा दाह उद्भवला, तेव्हा तपासाचा माग त्सुनामीनंतर दमट जागेत साठविलेल्या सिरिंजांपर्यंत गेला होता. 22 मे 2011 रोजी मिसुरी राज्यातील जॉप्लिन शहरावरून भीषण टोर्नेडो वादळ गेले. त्यात लाकडाच्या ढलप्या आणि माती घुसून झालेल्या जखमा काही दिवसांतच काळ्या पडून सडू लागल्या, आणि तेरा जणांमध्ये ॲपोफायसोमायसिस या म्युकरवर्गीय बुरशीचा संसर्ग सिद्ध झाला, त्यांपैकी पाच दगावले. या बुरशीची ओळख जगाला प्रथम झाली ती उत्तर भारतातील आमराईच्या मातीतून, 1979 साली. आणि आपल्याकडे रस्त्यावरच्या अपघातानंतर किंवा अस्वच्छ सुईने घेतलेल्या इंजेक्शनानंतर धडधाकट माणसाची मांडी अथवा कूस झपाट्याने सडू लागल्याच्या ज्या घटना नोंदल्या गेल्या आहेत, त्यांतील पुष्कळांच्या मुळाशी ती सापडली आहे. जखमेत माती गेली होती काय, हे शल्यचिकित्सकाने आपल्या टिपणात लिहून ठेवणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

परंतु सगळ्याच बुरशींना अशी चोरवाट लागत नाही. काही जातींना निरोगी फुप्फुसाचा उंबरठा ओलांडण्याचे सामर्थ्य निसर्गतःच लाभलेले आहे, आणि त्यांचा इतिहास हा चुकलेल्या निदानांचा इतिहास आहे. डिसेंबर 1905 मध्ये पनामा कालव्याच्या प्रदेशातील अँकोन रुग्णालयात सॅम्युअल डार्लिंग या विकृतिशास्त्रज्ञाने मार्टिनिक बेटावरून आलेल्या एका सुताराच्या शवाची चिकित्सा केली. फुप्फुसांवर मोहरीएवढ्या गाठी पसरल्या होत्या. दर्शनी सर्व लक्षणे देहभर पसरलेल्या क्षयाची. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र क्षयाचे जिवाणू दिसेनात, आणि भक्षकपेशींच्या पोटात गोलाकार सूक्ष्म कण खच्चून भरलेले दिसले. डार्लिंगला ते काळ्या आजारातील परोपजीवींसारखे वाटले व त्याने त्यांची गणना आदिजीवांत केली. ती बुरशी आहे हे प्रयोगशाळेत तिची वाढ करून सिद्ध व्हायला 1934 साल उजाडावे लागले, आणि ते काम डीमॉनब्रून याने केले ते नॅशव्हिलच्याच व्हँडरबिल्ट विद्यापीठात. 1945 साली त्याच शहरात ख्रिस्टी आणि पीटरसन यांनी आणखी एक कोडे सोडविले. त्या भागातील असंख्य सुदृढ मुलांच्या छातीच्या क्ष-किरण चित्रांत चुन्याचे ठिपके दिसत आणि ते बऱ्या झालेल्या क्षयाचे अवशेष म्हणून नोंदले जात; पण त्यांतील कित्येक मुलांची ट्युबरक्युलिन चाचणी नकारार्थी येई. त्या मुलांवर डार्लिंगने पाहिलेल्या याच बुरशीची, म्हणजे हिस्टोप्लाझ्माची, चाचणी केल्यावर ती होकारार्थी आली. जो रोग तोवर दुर्मीळ आणि प्राणघातक समजला जात होता, तो त्या भागातील बहुसंख्य लोकांना बालपणीच होऊन, त्यांच्या नकळत बराही होऊन गेलेला होता.

आपल्या देशात या कथेला फार मोठा अर्थ आहे, कारण येथे क्षयाचे राज्य आहे. दोन महिन्यांचा ताप, घटलेले वजन, रात्रीचा घाम, फुप्फुसात पोकळी, मणक्याची झीज, मानेत गाठ, अशी कैफियत घेऊन आलेल्या रुग्णास क्षय म्हणणे हे भारतीय वैद्याच्या दृष्टीने संख्याशास्त्राला धरूनच असते, आणि त्याबद्दल त्याला दोष देणे अन्यायाचे होईल. अडचण पुढे येते. क्षयातही ग्रॅन्युलोमा, म्हणजे पेशींचे ते घट्ट गोळे, तयार होतात आणि बुरशीच्या कित्येक रोगांतही होतात. विकृतिशास्त्रज्ञाचा अहवाल ‘ग्रॅन्युलोमा आढळला, क्षयाशी सुसंगत’ एवढे सांगून थांबतो, आणि जिवाणू दिसलेला नसतानाही क्षयाची औषधे सुरू होतात. ती लागू पडली नाहीत, म्हणजे औषधांना न जुमानणारा क्षय असे नवे नाव येते, आणि मूळ निदानाची फेरतपासणी होतच नाही.

हिस्टोप्लाझ्मोसिसची नोंद भारतात 1954 साली कलकत्त्याहून पांजा व सेन यांनी केली, आणि 1975 मध्ये गंगेच्या खोऱ्यातील मातीतून ही बुरशी प्रत्यक्ष मिळाली. तेव्हा हा परदेशी रोग म्हणून दूर सारण्यास आता आधार उरलेला नाही. एचआयव्ही नसलेल्या, मधुमेहही नसलेल्या मध्यमवयीन पुरुषांत तो एका विशिष्ट रूपाने पुनःपुन्हा दिसतो, आणि ते रूप येथे जरा तपशिलाने सांगण्याजोगे आहे. मूत्रपिंडांच्या माथ्यावर बसलेल्या दोन्ही अधिवृक्क ग्रंथी सुजून मोठ्या होतात, रुग्ण क्षीण होत जातो, उभे राहताच त्याला घेरी येते, रक्तदाब उतरतो, हिरड्या आणि तळहातांच्या रेषा काळवंडतात. सीटी स्कॅनमध्ये दोन्ही बाजूंच्या गाठी दिसल्यावर कोणी कर्करोगाचा तर कोणी क्षयाचा कौल देतो. येथे क्षय गृहीत धरून रिफाम्पिसिन सुरू केले, तर अनर्थ घडू शकतो. कारण हे औषध यकृतातील विकरांना चेतवून शरीरातील कॉर्टिसॉल झपाट्याने नाहीसे करते, आणि ज्याच्या अधिवृक्क ग्रंथी आधीच पोखरलेल्या आहेत अशा रुग्णाचा रक्तदाब अकस्मात कोसळून तो मरणाच्या दारात जातो. पुढे खरे निदान होऊन इट्राकोनॅझोल हे बुरशीविरोधी औषध दिले, तरी रिफाम्पिसिन चालू असेतोवर त्याची रक्तातील मात्रा भरत नाही. ग्रंथीत सुई घालून काढलेल्या थोड्याशा पेशींत ते सूक्ष्म गोल कण दिसले असते, तर हे सारे टळले असते.

तोच प्रकार मेंदूच्या आवरणाचा. क्रिप्टोकॉकस ही बुरशी एचआयव्हीच्या रुग्णांत प्रसिद्ध आहे. पण तिची गटी नावाची जात निरोगी माणसांनाही ग्रासते, आणि 1999 पासून कॅनडाच्या व्हँकुव्हर बेटावर, जेथे ती पूर्वी कधी दिसलेली नव्हती, तिने अनेक सुदृढ रहिवाशांना गाठले. पाठीच्या पाण्यात लिम्फोसाइट पेशी वाढलेल्या आणि साखर उतरलेली, हे चित्र क्षयाच्या मेंदूज्वराशी इतके जुळते, की केवळ त्यावरून दोहोंत निवाडा करणे अशक्य. काळ्या शाईच्या थेंबात ते पाणी मिसळून पाहिले, तर बुरशीच्या पेशीभोवतीचे जाड कवच शाईला दूर सारते व काळोखात तेजोवलय उमटल्यासारखे दिसते. मात्र एचआयव्ही नसलेल्या रुग्णांत बुरशीच्या पेशींची संख्या थोडी असल्याने ही तपासणी निम्म्याच्या आसपास रुग्णांत हुकते. त्याऐवजी कवचातील प्रतिजन ओळखणारी कागदी पट्टी आज उपलब्ध आहे. ती दहा-पंधरा मिनिटांत निकाल देते, तिच्यासाठी मोठी यंत्रसामग्री लागत नाही, आणि क्षयाचा मेंदूज्वर म्हणून महिनाभराची स्टेरॉइडे सुरू करण्यापूर्वी तिचा उपयोग व्हावा, ही अपेक्षा जिल्हा रुग्णालयांकडूनही करण्यास हरकत नाही.

आता शल्यक्रियागृहात क्षणभर थांबू, कारण निदानाचा खरा निर्णय पुष्कळदा तेथे, आणि कोणाच्या लक्षात न येता, होऊन जातो. शल्यचिकित्सक गाठीचा तुकडा कापून बाहेर काढतो. परिचारिकेच्या हाती फॉर्मेलिनची बाटली तयार असते. तुकडा तिच्यात पडतो, झाकण लागते, नावाची चिठ्ठी डकविली जाते. वर्षानुवर्षांचा शिरस्ता हा असा. फॉर्मेलिन ऊतींची रचना जशीच्या तशी गोठवून ठेवते, आणि त्याच क्षणी तिच्यातील प्रत्येक सजीव कण मारून टाकते. आठवड्याने विकृतिशास्त्रज्ञ कळवितो, की बुरशीचे तंतू दिसत आहेत, कल्चर करावे. परंतु कल्चर करण्याजोगे जिवंत असे काहीच तोवर शिल्लक नसते. मेणात बसविलेल्या त्या तुकड्यातून डीएनए काढून जातीचा शोध घेता येतो खरा. पण फॉर्मेलिनने त्या डीएनएचेही तुकडे केलेले असतात आणि यश अनिश्चित राहते. दुसऱ्यांदा गाठ कापावी, तर कवटीच्या तळाशी अथवा मेंदूत तसे करणे ही लहान बाब नव्हे. हे सगळे टाळावयास हवे असेल, तर तुकड्याचा एक भाग निर्जंतुक सलाइनच्या थेंबांत ओला ठेवून, सुकू न देता, त्याच दिवशी सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत पोहोचला पाहिजे. याला जवळपास काहीच खर्च येत नाही. शल्यक्रियेपूर्वी कोणाच्या तरी मनात बुरशीचा विचार येऊन गेला असेल, तरच हे घडते.

त्या प्रयोगशाळेत तुकड्याचे पुढे काय होते तेही पाहण्यासारखे आहे. त्याचा कण काचपट्टीवर घेऊन त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब सोडतात. ऊतीच्या पेशी विरघळून पारदर्शक होतात, बुरशीची भिंत मात्र टिकून राहते. जोडीला कॅल्कोफ्लोर व्हाइट हे रंजकद्रव्य वापरले, की अतिनील प्रकाशात ते तंतू निळसर-पांढरे झळकू लागतात. हे सारे तासाभरात होते, आणि त्या एका दृष्टिक्षेपावर उपचाराची दिशा ठरते. तंतू बारीक असून बांबूच्या पेरांप्रमाणे त्यांत आडवे पडदे असतील आणि फांद्या लघुकोनात फुटल्या असतील, तर ॲस्परजिलस किंवा तिच्यासारखी बुरशी. तंतू रुंद, वेडेवाकडे, चपट्या फितीसारखे आणि पडद्यांवाचून असतील, तर म्युकर. ॲस्परजिलसवर उत्तम चालणारे व्होरिकोनॅझोल म्युकरवर चालत नाही, आणि म्युकरला ॲम्फोटेरिसिन द्यावे लागते. तेव्हा ही तफावत नुसती पुस्तकी म्हणता येत नाही. कल्चरसाठी तुकडा तयार करतानाही सावधगिरी हवी. म्युकरच्या तंतूंत पडदे नसल्याने तो एका जागी चिरडला, की सगळा जीवरस वाहून जातो आणि वाढण्यासारखे काही उरत नाही. म्हणून असा तुकडा खलात न घोटता पात्याने बारीक चिरावा लागतो. ॲपोफायसोमायसिससारखी बुरशी नेहमीच्या माध्यमावर पांढऱ्या कापसासारखी पसरते, पण ओळख पटविणारे बीजाणू तयार करीत नाही. तिला पोषणद्रव्ये तोडलेल्या माध्यमावर नेल्यावरच ती आपले रूप दाखविते. हिस्टोप्लाझ्माला तर चार ते सहा आठवडे लागतात, आणि आठवडाभराने ‘वाढ नाही’ म्हणून बशी फेकून देणारी प्रयोगशाळा तिला कधीच पाहणार नाही. उलटपक्षी, बशीवर काही तरी उगवले म्हणजे तोच रोग, असेही नव्हे. थुंकीतून आलेली ॲस्परजिलस ही केवळ घशातून वाहत आलेली असू शकते. ऊतीत शिरलेला तंतू डोळ्यांनी दिसणे आणि त्याच ठिकाणच्या नमुन्यातून तीच बुरशी उगवणे, या दोन दाखल्यांचा मेळ बसला, की शंकेला जागा राहत नाही.

पण हा मेळ नेहमीच सहज बसत नाही. उत्तर भारतात, त्याचप्रमाणे सुदान आणि पाकिस्तानात, नाकाशेजारच्या सायनस पोकळ्यांत ॲस्परजिलस फ्लेव्हसचा एक जुनाट विकार निरोगी माणसांत, विशेषतः शेतकरी वर्गात, आढळतो. महिनोन्‌महिने काहीच वेदना नसते. एक डोळा हळूहळू पुढे येतो. गाठ कठीण, तंतुमय, आणि कर्करोगासारखी भासणारी असते. ती कवटीचा तळ भेदून मेंदूपर्यंत जाऊ शकते. अशा गाठीत बुरशीचे तंतू विरळ असतात आणि ते महाकाय पेशींच्या पोटात दडलेले असतात, त्यामुळे नेहमीच्या रंगांनी रंगविलेल्या काचेवर ते नजरेतून निसटतात. चांदीच्या क्षाराने रंगविलेल्या काचेवर ते काळ्या रेषांप्रमाणे उठून दिसतात. पण तो रंग कोणी मागितला तरच केला जातो.

कोणास वाटेल, की इतका खटाटोप कशाला, आज रक्ताच्या तपासण्या आहेत. आहेत, आणि त्या मौल्यवानही आहेत. परंतु त्या बहुतांशी दुबळ्या रुग्णांवर घासूनपुसून सिद्ध झालेल्या आहेत. ॲस्परजिलसच्या भिंतीतील गॅलॅक्टोमॅनन हे द्रव्य ज्याच्या रक्तात न्यूट्रोफिल पेशी उरलेल्या नाहीत त्याच्या बाबतीत चांगली साक्ष देते. ज्याच्या न्यूट्रोफिल पेशी शाबूत आहेत, त्याच्या रक्तात मात्र बुरशी ऊतीत वाढत असतानाही ते पुष्कळदा सापडत नाही, आणि अशा वेळी फुप्फुस धुऊन काढलेल्या पाण्यात ते शोधणे अधिक फलदायी ठरते. बीटा-डी-ग्लुकॅनची तपासणी अनेक बुरशींचा सुगावा देते, पण म्युकरवर्गात ते द्रव्य हाती लागण्याजोगे नसतेच आणि क्रिप्टोकॉकसमध्ये अत्यल्प असते. अशी नकारार्थी चाचणी हाती घेऊन बुरशीला निर्दोष ठरविणे म्हणजे जी साक्ष द्यायला आलीच नव्हती तिच्यावर निकाल देणे होय. युरोप आणि अमेरिकेतील तज्ज्ञांनी 2002 साली जाहीर केलेले, आणि 2008 व 2020 मध्ये सुधारलेले निकष याच दृष्टीने वाचावे लागतात. त्यांत ऊतीतच पुरावा मिळाला, तर रुग्णाची प्रतिकारशक्ती कशीही असो, रोग ‘निश्चित’ ठरतो. परंतु ॲस्परजिलससारख्या बुरशीचा रोग ‘संभाव्य’ ठरविण्यासाठी प्रतिकारशक्ती खालावल्याची खूण असावीच लागते. हे निकष मुळात संशोधनातील रुग्णांची वर्गवारी करण्यासाठी आहेत. ते रुग्णशय्येपाशी कायद्याप्रमाणे लावले, तर निरोगी माणूस या वर्गवारीत कोठेच बसत नाही. त्याच्यासाठी ऊतीचा तुकडा हाच एक राजमार्ग उरतो.

एकदा निदान निश्चित झाले, की उलट दिशेचाही प्रश्न विचारला पाहिजे: हा रुग्ण खरोखरच निरोगी होता काय? गेल्या काही दशकांत या प्रश्नाने मोठे घबाड हाती दिले आहे. 2009 साली कार्ड-9 या जनुकातील दोष उघडकीस आला. तो असलेल्या माणसांना इतर कोणताही मोठा संसर्ग सहसा होत नाही, पण कँडिडा किंवा साध्या नायट्याची बुरशी त्यांच्या खोल ऊतींत, मेंदूतही शिरते. क्रिप्टोकॉकस गटीच्या काही ‘निरोगी’ रुग्णांच्या रक्तात भक्षकपेशींना सज्ज करणाऱ्या जीएम-सीएसएफ या द्रव्याविरुद्ध त्यांच्याच शरीराने बनविलेले प्रतिपिंड आढळले. थायलंड आणि तैवानमधील प्रौढांत इंटरफेरॉन-गॅमाविरुद्ध असेच प्रतिपिंड सापडले आहेत. जवळच्या नात्यातील विवाहसंबंध असलेल्या कुटुंबात दोन भावंडांना बुरशीचा खोल संसर्ग झाल्यास जनुकीय दोषाचा शोध घेणे अपरिहार्य समजावे.

राहिला प्रश्न भूगोलाचा, आणि तो आज मराठी कुटुंबांच्या फार जवळ आलेला आहे. कॅलिफोर्नियातील सान व्हाकिन खोऱ्याच्या आणि ॲरिझोनातील फिनिक्स व टूसॉन या शहरांच्या भोवतालच्या कोरड्या मातीत कॉक्सिडिऑइडिस नावाची बुरशी राहते. तिने ग्रासलेला रुग्ण 1892 साली ब्वेनोस आयर्स येथील अलेहांद्रो पोसादास या विद्यार्थ्याने वर्णिला, आणि त्यानंतर चार दशके हा रोग म्हणजे निश्चित मृत्यू असा समज राहिला. 1929 साली स्टॅनफर्ड येथे हॅरॉल्ड चोप हा विद्यार्थी जुन्या कल्चरची बशी उघडून पाहत असता त्यातील बीजाणूंची धूळ त्याच्या श्वासात गेली. त्याला छातीचे दुखणे आले, पायांवर लाल गाठी उठल्या, आणि तो बरा झाला. केर्न परगण्याच्या आरोग्यखात्यातील डॉ. मर्नी गिफर्ड यांनी पुढे दाखवून दिले, की खोऱ्यातील लोक ज्याला ‘खोऱ्याचा ताप’ म्हणत होते तो हाच रोग होय. बाधितांपैकी सुमारे साठ टक्क्यांना काहीच जाणवत नाही; शंभरात एखाद्याच्या देहात तो हाडांत, त्वचेत किंवा मेंदूच्या आवरणात पसरतो. टूसॉनमधील एका लहान पाहणीत न्यूमोनिया म्हणून आलेल्या रुग्णांपैकी 29 टक्क्यांना प्रत्यक्षात हा विकार होता.

त्या शहरांत आज मराठी अभियंत्यांची कितीतरी घरे आहेत, आणि नातवंडांच्या ओढीने पुण्या-नाशिकहून आईवडील तेथे जाऊन दोन-चार महिने राहतात. परतल्यावर खोकला, ताप, थकवा, क्ष-किरण चित्रात फुप्फुसाच्या वरच्या भागात डाग. घरच्या डॉक्टरांसमोर ‘अमेरिकेला गेलो होतो’ एवढेच निघते, कोणत्या शहरी ते निघत नाही, आणि क्षयाचे औषध सुरू होते. आजाराच्या पहिल्या आठवड्यांत प्रतिपिंडांची तपासणी नकारार्थी येऊ शकते, म्हणून ती काही आठवड्यांनी पुन्हा करावी लागते. त्याहून गंभीर बाब प्रयोगशाळेची. रुग्णाच्या देहात ही बुरशी गोलकांच्या रूपात असते आणि खोकल्यातून दुसऱ्याला लागत नाही. कल्चरच्या बशीवर मात्र ती तंतू धरून हलके, सहज उडणारे बीजाणू तयार करते, आणि चोपच्या वेळेस जे झाले ते आजही होऊ शकते. म्हणून नमुन्याबरोबरच्या अर्जात ‘संशय: क्षय’ या दोन शब्दांखाली ‘रुग्ण मार्च ते मे फिनिक्स येथे मुक्कामास होता’ अशी एक ओळ असली, तर तेथील कर्मचारी ती बशी उघड्या मेजावर न उघडता संरक्षित कपाटात नेईल, विकृतिशास्त्रज्ञ तुकड्यात बीजाणूंनी भरलेले गोलक शोधील, आणि प्रतिपिंडांचा दुसरा नमुना कधी मागवायचा याची तारीख त्याच दिवशी नोंदवून ठेवता येईल.